नऊवारी नेसवणाऱ्या बाईचा फोटो

१९ मार्च, गुरु. पाडवा
पहाटेपासून दुकानात. शिवलेल्या नऊवाऱ्या भाड्याने नेलेल्या सगळ्या पोरी शोभायात्रेआधी दारात हजर. शिवलेली असली तरी मेली एकीला धड घालता येत नाही. आत जागा नाही म्हणून फुटपाथवरच उभं करून नेसवल्या. एकीचा बुलेटवर बसताना काष्टा उसवला, इतक्या हसलो सगळ्या की पोटात दुखलं. सईपण. गळ्यातली साखरेची गाठी खात बसलेली माझी बाय. चांगला गेला दिवस.

२२ मार्च, रवि.
शुभदाताई मोबाईल नाचवत आल्या. मालकीणबाईंना एवढं खूश कधी बघितलं नव्हतं. "वैशाली, अगं तू फेमस झालीस!"
डोंबिवलीच्या कुठल्याशा पेजवर फोटो. मी मान मागे टाकून हसतेय, ब्लाऊजला टाचण्या टोचलेल्या, शेजारी सई. मागे दुकानाचा बोर्ड. ठाकुर्ली पूर्व, फोन नंबर, सगळं वाचता येतं. कोणी काढला, कधी काढला, काही पत्ता नाही.
फोटोखाली माझं नाव नव्हतं. ते ताईंनी घातलं, कौतुकाने. "ही आमची वैशाली आणि तिची गोड सई. रोज दुकानात भेटेल, नक्की या!"
बाई गं. शोधणाऱ्याला याहून काय हवं.
ताईंना काय बोलणार? मीच सांगितलंय नवरा दुबईला आहे म्हणून. तो पनवेलला असतो, टेम्पो घेऊन रोज शीळफाट्यावरून जातो, हे फक्त मावशीला माहीत. त्याला वाटतं आम्ही पुण्याला दादाकडे. वाटायचं, असं लिहू का आता?

२३ सोम.
जेवण गेलं नाही. टेम्पोचा हॉर्न वाजला की कात्री थांबते. त्याने मोडलेलं मनगट उगाच दुखतंय, हाड कधीच जुळलंय तरी.
मावशी म्हणते, "एवढ्या गर्दीत त्याला काय तुझाच फोटो दिसणारे?" त्याला नाही, पण त्याच्या बहिणीला दिवसभर तोच उद्योग आहे. फोन आणि ती.

२४ मंगळ.
फोटोवाला स्वतःच आला. मला वाटलेलं कोणी टवाळ पोरगा असेल. निघाले रिटायर्ड गृहस्थ, दीक्षित काका. फोटो मोठा करून, फ्रेम करून मला द्यायला आणलेला! माझं डोकंच फिरलं.
"मला विचारलं होतं का?"
"मॅडम, रस्त्यावर काढलेल्या फोटोला परवानगी लागत नाही. माझ्या माहितीत तरी."
"रस्ता सगळ्यांचा, कबूल. तोंड माझं आहे ना?"
ते म्हणाले, "विचारलं असतं तर अशा हसला असतात का?"
नसते हसले. सईला मागे ओढून आत गेले असते. पण हे त्यांना कशाला सांगू.
शुभदाताई चहा आणायला गेल्या तेव्हा हळूच म्हटलं, "काका, आम्हाला शोधणारं एक माणूस आहे. मारतो." ते स्टुलावर बसलेच. तिथल्या तिथे पेजवाल्याला फोन लावला, पेजवरून फोटो उतरवायला लावला. ठाण्याच्या प्रदर्शनातही लागलाय म्हणे, तोही उतरवतील.
"आणि लोकांनी पुढे पाठवलाय त्याचं काय?"
"ते आता माझ्या हातात नाही गं बाळा."
फ्रेम परत नेत होते. मीच नाही नेऊ दिली. लग्नानंतरचा हसताना माझा एक फोटो नाही. छान दिसतेय मी. त्याचाच जास्त राग येतो.

२५ बुध.
शुभदाताईंना सगळं खरं सांगितलं. कपाळावर हात मारून घेतला त्यांनी, रडल्या. "आधी बोलायचंस ना गं! मी काय केलं हे!" त्यांचा काय दोष. खोटं मी बोललेले.

२७ शुक्र.
ताईंना आज आठवलं. सोमवारी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आलेला. त्या नंबरला ना फोटो, ना नाव. "फोटोतल्या ताई शनिवारी असतील का? बायकोच्या ब्लाऊजचं माप द्यायचंय." तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं. "हो, या ना!" लिहून मोकळ्या झाल्या. आता तो नंबर बंद.
बायकोचं माप नवरा येऊन देतो कधी? की कोणी साधं गिऱ्हाईक असेल? डोकं चालत नाही.
दोघी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या बाई नीट बोलल्या, अर्ज घेतला. पण त्यांचंही तेच, "फोटो काढला म्हणून तक्रार कशी घेऊ? तो आला तर लगेच फोन करा." आला तर!
मावशी म्हणते सामान भर, आंबिवलीला तिच्या जावेकडे जाऊ. मी बॅग काढली. सई दारात उभी होती. "आई, परत शाळा बदलायची?" रडली नाही, नुसतं विचारलं. बॅग परत माळ्यावर टाकली. भीती वाटत नाही असं नाही. खूप वाटते. पण किती वेळा पळवू तिला?

२८ मार्च, शनि.
सई मावशीकडे. मी दुकानात, काउंटरवर बसून लिहितेय. ताईंनी शटर अर्धं खाली ओढलंय. दीक्षित काका सकाळीच कॅमेरा घेऊन आले, बाकड्यावर बसलेत. घरीही सांगून आलो नाही म्हणाले.
मी त्यांना म्हटलं, तो आला तर त्याचा फोटो काढा. चेहरा नीट येऊ दे. पोलिसांना दाखवायला तरी होईल.
"काढतो," म्हणाले. मग जरा थांबून, "विचारून?"
"नका विचारू."
मघाशी एक बाई पिको करून गेली. ताई पुन्हा पुन्हा शटरखालून वाकून बघतायत. अजून कोणी नाही.