पश्चिमेकडे तोंड केलेलं प्रार्थनामंदिर

प्रिय शांतवन,

ठक्, ठक्, मग थोडी शांतता, मग पुन्हा ठक्. मधली शांतता म्हणजे हातोडी अंगठ्यावर बसलेली आणि तू शिवी गिळलेली. मे महिना सरत आला की हा आवाज टेकडीवरून माझ्या तुंगार्लीच्या खोलीपर्यंत यायचा. पाऊस आत येऊ नये म्हणून तू प्रार्थनामंदिराच्या मोठ्या खिडकीवर, मधे हातभर फट सोडून, कारवीचे तट्टे ठोकत असायचास. आज सकाळी जाग आली ती त्याच आवाजाने. उठून कान दिला तर काहीच नाही. म्हटलं, आता लिहायचंच. एक बातमी आहे आणि ती कालपासून माझ्या पोटात राहत नाही.

आपण जिंकलो, शांत्या! मंदिर पाडत नाहीत.

तुला कळलं असेल का हे? वरून सगळं दिसतं म्हणतात, पण आपल्या टेकडीवर धुकं केवढं असतं!

तू गेल्यावर विश्वस्तांच्या कमिटीपुढे नवा आराखडा आला. जुनं मंदिर पाडायचं, तिथे वातानुकूलित सभागृह बांधायचं आणि पूर्वेला अख्खी काचेची भिंत करायची. म्हणजे शिबिराला आलेल्यांना बसल्या जागी सूर्योदय दिसेल. आराखडा कोणी मांडला असेल? तुझ्या सुहासने. तुझ्याच मुलाने!

मला आपले पहिले पाद्रीसाहेब आठवले. त्यांनाही सूर्योदयच हवा होता, नाही का? ऐन श्रावणात पाया आखायला निघाले आणि होकायंत्र पुण्यालाच विसरले. सूर्य कित्येक दिवस दिसलेला नाही, धुक्यात हाताचं बोट दिसेना. त्यांनी अंदाजाने हात केला आणि गवंड्यांनी दोरी धरली. गवंड्यांना दिशा पक्की ठाऊक होती. पण त्यांना वाटलं, साहेब पश्चिमेकडून आलेला, त्याचा देव तिकडेच बघत असणार. आपण कशाला बोला? दसऱ्याच्या सुमारास आभाळ उघडलं तेव्हा भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या आणि सूर्य उगवला तो संडासामागून. ही गोष्ट सांगताना तू दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचास.

त्या चुकीमुळे आपल्याला काय मिळालं, हे मला आराखडा पाहिल्यावर कळलं. बाकीच्या जगाला सकाळ, आपल्याला संध्याकाळ! दगडी क्रूसाच्या टेकाडावरून, जांभळीच्या रांगेतून, वचनं रंगवलेल्या धोंड्यांवरून उतरत उतरत ऊन शेवटी खिडकीशी यायचं आणि बाकांवर पसरायचं. मी हिंदू मास्तर, शनिवारी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात आठवीच्या पुस्तकातल्या कविता म्हणायचो. मनातल्या मनात म्हणतोय असं मला वाटायचं. मौनाच्या तासाला तू किती वेळा वळून डोळे वटारलेस!

काल मंदिरातच बैठक होती. सुहास नीट बोलला, चिडला नाही. ओलीने फुगलेल्या भिंतीवर त्याने हात ठेवला आणि म्हणाला, "दर वर्षी या खिडकीतून पाऊस आत येतो. इथल्या ओलीत उभं राहून राहून बाबांची छाती गेली. मला ही खिडकी बघवत नाही."

तरी मी उभा राहिलो. सुरुवात मुद्द्याने केली, पण सवयीने घसरलो कवितेवर. दुसऱ्या कडव्याला अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात दारातून सरूबाई आत आली. खालच्या वाडीतली, माझ्याकडे दूध घालते ती. परवा तिच्यापाशी मी रडगाणं गायलो होतो, म्हणून वाडीतल्या चार बायका घेऊन ती टेकडी चढून आलेली.

"मास्तर, तुमी बसा आता. लय झालं," ती मला म्हणाली. मग कमिटीकडे वळून, "आमचं न्हाई हे मंदिर, तरी इचारते. तुमचा देव आमच्या वाडीकडं तोंड करून बसलाय. आता त्याला पाठ फिरवाया सांगताय व्हय?"

मग तिने सावकाश सांगितलं. पावसाळ्यात लोणावळ्याहून रिकाम्या किटल्या घेऊन परतताना आपले पायसुद्धा दिसत नसत. फक्त वर या खिडकीच्या फटीत एक पिवळा डाग दिसायचा. तो उजव्या हाताला ठेवून चालायचं म्हणजे घर येतं. तिची सासू तशी आली, ती आली, तिच्या सुना आल्या.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग बराच वेळ चर्चा झाली. मंदिर राहील, खिडकी राहील, पश्चिमेला खोल पडवी काढायची म्हणजे झड आत येणार नाही. हात वर झाले. सुहासचा झाला नाही. तो माझ्याकडे न बघता, चहा न घेता निघून गेला. जिंकून बसलो होतो तरी तेवढं लागलं मला.

आणि हे तुला विचारायचंच आहे. तू रोज त्या खिडकीत दिवा कोणासाठी लावायचास, हे पोराला कधी सांगितलंस का? नुसतं "चल, शिडी धर" म्हणायचास. त्याला दिसली ती तुझी शिडी आणि तुझा खोकला. त्याची काय चूक?

तू गेल्यापासून खिडकी अंधारी आहे. आता असू देणार नाही. शब्द देतो, उद्यापासून दिवा मी लावीन. गुडघे कुरकुरतील, पण टेकडी चढेन. मौनाच्या तासाला गप्प बसेन, हा शब्द मात्र मागू नकोस.

थांब, दार वाजतंय. सरूबाईची ही वेळ नव्हे.

सुहास आहे, शांत्या! चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभा आहे, आत ये म्हटलं तरी येत नाही. एवढंच विचारतोय, "काका, बाबा दिवा कुठल्या वेळेला लावायचे?"

तुझा,
मास्तर