राणीचे पाय

४ मार्च
लागली! नोकरी लागली! ताईला वाटलं होतं, आठवडाभरात मी तोंड पाडून परत येईन. आता बसा म्हणावं. जादूच्या खेळात मी 'राणी'. अंगभर टिकल्यांचा झगा, सोनेरी केसांचा टोप आणि ओठांपर्यंत मुखवटा. मास्टरांनी माझा चेहरा धड पाहिलासुद्धा नाही, एकदा ओरडून दाखव म्हणाले. ओरडण्यात मला कोण हरवणार! त्यांची बायको, म्हणजे वहिनी, शिवणयंत्र सोडून धावत आल्या. खूश होऊन त्यांनी तिथल्या तिथं माझ्या पावलांचं माप घेतलं. राहायची खोली नाटकगृहातच मिळाली आहे.

६ मार्च
बाई कापण्याचा खेळ शिकले. गुडघे पोटाशी घेऊन मी पेटीच्या एका अर्ध्यात मावते, डोकं तेवढं बाहेर. दुसऱ्या टोकाला दिसतात ते पाय माझे नाहीतच! पेटीखालचं टेबल दिसतं त्यापेक्षा जाड आहे, कडा निमुळत्या करून फसवलंय. त्याच्या आत प्रेक्षक यायच्या आधीपासून दुसरी बाई आडवी असते, तीच पाय वर पेटीत सरकवते. मास्टर म्हणतात, लोकांना फसवावं लागत नाही. इकडे डोकं, तिकडे पाय दाखवले की मधली बाई ते आपली आपणच जोडून घेतात. त्या दुसरीला इथं पायवाली म्हणतात. ती रंगमंचाखालच्या खोलीत राहते, बाहेर पडत नाही. दोन राण्या कुणाला दिसल्या तर खेळ बोंबलला. मला पटलं.

९ मार्च
पहिला खेळ! मास्टर प्रेक्षकांतून कुणाला तरी वर बोलावतात आणि हातात दाभण देतात. त्यानं तळव्याला टोचलं की मास्टर खोकतात, आणि मी इकडे "आई गं!" करून किंचाळते. लोक हसून हसून लोळतात. एक जाडे गृहस्थ थांबेचनात, मीही दर वेळी नवा सूर लावला. काय टाळ्या पडल्या! वहिनींनी घशासाठी कडू औषध दिलं, रोज घ्यायचं म्हणाल्या. मी सहज विचारलं, दाभणाचं टोक आत सरकत असेल ना? दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, मग बोटं आखडतील कशी? लोक बोटांकडेच बघतात.

१७ मार्च
आज पायवालीचं ताट मी नेलं. कडी बाहेरून होती. तिचे तळवे मला बघवेनात. मला काही सुचेना, माफी मागितली. तिनं तोंड उघडून घशाकडे बोट दाखवलं, मग वर, वहिनींच्या औषधाच्या कपाटाच्या दिशेनं. तेवढ्यात माझ्या झग्याची एक टिकली लोंबताना तिला दिसली. तिनं न बघता, सवयीच्या बोटांनी ती जागच्या जागी अडकवली. हा झगा तिचा होता.

१८ मार्च
आज मी ओरडलेच नाही. मला वाटलं, खेळ थांबेल, तिचे पाय वाचतील. मास्टर खोकत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, नीट टोचत नाहीये हा. दाभण धरलेल्या माणसानं दोन्ही हातांनी दाबलं. तेव्हा मी ओरडले. खूप छान ओरडले. माझी मलाच शिसारी आली.

२१ मार्च
औषध मोरीत ओतताना वहिनींनी पाहिलं. आता दोघं मिळून नाक दाबून पाजतात. खोलीला बाहेरून कडी. आवाज फाटलाय. ताईनं खेळ बघायला येईन म्हटलं होतं. ती आली की सुटेन. ती येईपर्यंत आवाज टिकू दे.

२५ मार्च
नुसती हवा येते.
पलीकडे कुणीतरी ओरडून दाखवलं. चांगली ओरडते. वहिनी हसल्या. माप घेत असतील.

तारीख कळत नाही
मी खाली आले. पायवाली इथं नाही. तिची चादर आहे, अजून तिचा वास आहे — कुठे नेलं हे विचारायचं कुणाला? आणि कशानं?

रविवार असावा
ताई आली. मास्टरांनी नेमकं तिलाच वर बोलावलं. आवाज ऐकला आणि मी टेबलात रडले. पायांना पट्टा होता — पण घोट्याजवळ भाजल्याचा डाग आहे माझ्या, लहानपणचा, ताईनंच मलम लावलं होतं. तिनं तो पाहिला. वाटलं, सुटले. ती लोकांकडे वळली, मोठ्यानं म्हणाली, अहो, खरंच हिचेच पाय आहेत, मी सख्खी बहीण, खोटं कशाला सांगू!
केवढ्या टाळ्या.
मग टोचलं. हलकेच. वरची नवी किंचाळली. मी बोटं हलवली, नको, नको म्हणून — लोक हसले — ताईही — आणि पुन्हा —

आत्ता ताई वर आहे, फळ्यांवर तिची पावलं. राणी थकून झोपली, असं वहिनी सांगतायत. मी खालून ठोकलं. ठोकतच राहिले. ताई हसली — हासुद्धा खेळच का, म्हणाली —
उद्या पोरांना आणणार आहे. दोघांनाही टोचायचंय म्हणे. धाकटा भारी हट्टी, एकदा हातात काही धरलं की सोड—