सुई मधोमध

४ ऑक्टोबर, शनिवार
एस्नातला माहेरून आणायला मांगोचीला निघालो. सोबत किन्ले मामा. आमच्यात संसार बिघडला की सासरच्या अंगणात मामा बोलतो, नवरा चटईवर बसून ऐकतो. वाटेतल्या लिवोंडेच्या अलीकडेच इंजिन तापलं. गाडी माझ्याहून थोडीच तरुण. परतलो. मामा म्हणाले, मागून बस येतेय. मी म्हटलं, बायकोला बसने आणणं बरं दिसत नाही. हे खरं कारण आहे ना? बहुधा.

६ ऑक्टोबर
दाउदा मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून फेकला. "टीचर, हा थंड देशातला अवयव. इथल्या इंजिनाला पांघरूण कशाला?" पटलं. इथे सगळेच काढतात. दुकानापर्यंत जाऊन आलो, ठीक. येत्या शनिवारी नक्की.

११ ऑक्टोबर, शनिवार
चर्चच्या चढावरच वाफ. मामांचा सूट पुन्हा इस्त्रीला. रेडिएटरमध्ये लाल चिखल निघाला. आता मुळापासून काम. अर्धवट गाडीतून बायकोला आणणं बेजबाबदारपणाचं.

१४ ऑक्टोबर, सायंकाळ
पाणी स्वच्छ येईपर्यंत रेडिएटर धुतला. एस्नातचा फोन आला तेव्हा हात ओले होते. नंतर करतो म्हटलं. नंतर उशीर झाला. तिचं म्हणणं, मी घरात असून नसतो. यावर प्रामाणिकपणे विचार केला. फारसं काही वाटलं नाही. रेडिएटरच्या नळीची क्लिप सैल आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार
मामा सूट घालून हजर. मी गाडीखाली. ते वाकून म्हणाले, "भाच्या, तिकडे चटई अंथरलीय. मासेही तळले असतील. चल बसने."
मी समजावलं, फक्त रेडिएटरचं झाकण बदलायचं राहिलंय.
"गाडी दुरुस्त करतोयस की तिच्याखाली लपतोयस?"
प्रश्न अन्यायाचा, पण नोंदवून ठेवतो. मामा एकटेच गेले.

१९ ऑक्टोबर
मामा परतले. तिथे विचारलं, नवरा कुठाय. ते म्हणाले, गाडीखाली. कुणी हसलं नाही. एस्नात तेवढी हसली, आणि मग म्हणाली, पुरे झालं. शनिवारी आपलं सामान न्यायला येईल.
नवं झाकण घट्ट बसलं. शनिवारपर्यंत वेळ आहे. फोन करावा का? आधी चाचणी घेतो.

२३ ऑक्टोबर
चाचणी उत्तम. फोन राहिला.

२५ ऑक्टोबर, शनिवार
एस्नात तिच्या मामांबरोबर आली. मोठी पातेली, शिवणयंत्र, चर्चच्या गायनाचा झगा. एवढं सामान हातात कसं नेणार? मीच बस स्टँडवर सोडतो म्हटलं. ती मागे बसली, मांडीवर पातेलं. भर दुपारी चर्चचा चढ चढलो.
"आता तापत नाही?" तिने विचारलं.
नाही म्हटलं.
"बरं झालं," ती म्हणाली.
आणखी काही बोलायला हवं होतं का? माझी नजर तापमानाच्या सुईवर होती. बस सुटेपर्यंत इंजिन मुद्दाम चालू ठेवलं. जाता-येता सुई मधोमध, जराही हलली नाही.
दुरुस्ती पूर्ण. आता मांगोचीला जायला हरकत नाही.