रविवारचं पाणी

ती. बाबा,

पर्यावरण धोरणाच्या तासाला आज सरांनी आपल्या नदीचे जुने तपासणी अहवाल वाटले. प्रत्येकावर तपासनीस म्हणून तुमची सही. "पाणी एवढं स्वच्छ, मग मासे मेले कशानं?" सरांनी विचारलं.

मी तारखा पाहिल्या. सगळे रविवार, म्हणजे नदीत पाणी सोडणारा रंगाचा कारखाना बंद असायचा तो दिवस. तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून न्यायचात आणि नमुन्याची बाटली मीच बुडवायचे. मला आपली ती सहलच वाटायची.

उद्या उत्तर लिहून द्यायचंय. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. हे पत्रही फाडेन बहुतेक. पण बाबा, मला न्यायचात ते लाडानं, की एकट्यानं तिथं जाववत नव्हतं म्हणून?

तुमची,
बाटली बुडवणारी