चिचनाल्याच्या काठची अंडी

११ जानेवारी

टाकलंच शेवटी आराखड्यात! परिशिष्ट चार — अक्षांश-रेखांशासकट, फोटोंसकट.

सुकरीबाईंनी बजावलं होतं, "पोरी, तुले दाखवून राह्यली, पन कोनाले सांगू नको." मी मान डोलावली होती. साठी ओलांडलेली धीवर बाई. सारा जन्म चंद्रपुरातल्या या चिचनाल्याच्या काठावर गेला. अजूनही जाळं टाकते, बाजारात मासोळ्या विकते. बाभळीखालची माती तिने बोटांनी अलगद सारली — आत कासवाची अंडी! पांढरी, गोल. अशी तीन घरटी. मग माती लोटली, वर पालापाचोळा पसरला, जणू काही नव्हतंच.

पण करू काय? नाल्याच्या नव्या आराखड्यात नेमक्या त्याच काठावर दगडी भिंत अन् फिरायचा रस्ता आहे. अश्वजित सर, आमच्या सल्लागार कंपनीचे प्रमुख, म्हणाले, "पुरावा दे. दोनशे मीटर काठ मातीचाच ठेवू." दिला पुरावा. चांगल्यासाठीच दिला. मग झोप का लागत नाही?

२ फेब्रुवारी

आराखडा लोकांच्या हरकतींसाठी संकेतस्थळावर चढला. परिशिष्टांसकट! घरट्यांची जागा झाकायची असते. पाच वर्षं हेच काम करते, मला सांगायला कोणी नको. फाइल शेवटची मीच तपासली. घाईत होते.

घाई कसली. लक्षच नव्हतं. सरांना सांगायला हवं. उद्या.

५ फेब्रुवारी

आज सांगितलं. काढलं. तीन दिवस जगाला दिसत होतं.

९ फेब्रुवारी

घरटी रिकामी. तिन्ही.

मी पोचले तेव्हा सुकरीबाई झिंगूवर तुटून पडली होती. झिंगू तिच्या बहिणीचा मुलगा, चाळिशीचा, एकटा, तिच्याकडेच राहतो. परवा पहाटे घमेलं घेऊन काठावरून येताना शेजारणीने त्याला पाहिलं म्हणे. "जागा कोनाले मालूम? मले अन् तुले! कितीले इकली रे?" माझ्याकडे वळून म्हणाली, "हिले बी मालूम होती. पन हे पोरगी काऊन नेईन?"

झिंगू खाली मान घालून उभा.

"चालला जाय माह्या घरातून!"

माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. घरी आले, हातपाय धुतले, चहा केला. चहा केला मी!

१० फेब्रुवारी

आजही बोलले नाही.

१५ फेब्रुवारी

झिंगू तेलंगणात मिरची तोडायला गेला. टोळीबरोबर, गाडीत बसून. जाळं आता सुकरीबाई एकटीच ओढते. कमरेवर हात ठेवत, थांबत थांबत. मी मासे घ्यायला गेले तर तिने दोन जास्तीचे टाकले. "घे वं. तू आपली आहेस."

शिजवले. ताट तसंच झाकून ठेवलं.

३ मार्च

सरांनी बोलावलं. "आता अंडी नाहीत ना तिथे? मग एका ओळीचं टिपण दे — अधिवास आढळला नाही. भिंत पुन्हा आराखड्यात धरू."

म्हणजे आधी मी जागा उघडी केली, आता तिच्यावर दगड रचायचे, तेही माझ्याच सहीने! "चार दिवस द्या," म्हटलं अन् उठले.

६ मार्च

सांगितलं. सगळं.

सुकरीबाई ओट्यावर जाळं दुरुस्त करत होती. मी खाली बसले, बोलत गेले. परिशिष्ट, संकेतस्थळ, तीन दिवस. तिला ते शब्द कळले की नाही कोण जाणे. हात मात्र थांबले.

"म्हंजे माह्या झिंगूनं नाई नेली?"

"नाही. माझ्यामुळे गेली."

"मी त्याले हाकललं तवा तू इथीच उभी होतीस ना?"

"हो."

"अन् चूप राह्यली."

उठली. आत गेली. दार ओढून घेतलं. जाळं तसंच पडलेलं.

७ मार्च

टिपण दिलं. एका ओळीचं नाही, दोन पानांचं. जागा माझ्या चुकीने उघड झाली. घरटी रिकामी म्हणजे काठ रिकामा नाही, माद्या पुन्हा याच मातीत येतील. भिंत नको. खाली सही.

सरांनी दोनदा वाचलं. "स्वतःच्या हाताने लिहून देतेस, नीलिमा?"

"हो सर."

२८ मार्च

भिंत त्या दोनशे मीटरवरून वगळली! कागद डोळ्यांनी पाहिला. माझा करार मात्र वाढवला नाही. राग आला नाही. सुकरीबाईंचं दार मी गेले की अजूनही बंदच असतं. बरोबरच आहे.

८ एप्रिल

झिंगूचा फोन! "मॅडम, मावशी फोनवर लय रडली. तुम्ही काऊन कबूल केलं? अंडी मीच हलवली. दोन मानसं मोबाईलमधी तुमचा नकाशा पाहत काठावर फिरून राह्यले होते. मंग पहाटे घमेल्यात मातीसकट उचलली. मावशीनं तुम्हाले सांगितलं, तुम्ही कागदाले. म्हनून मी कोनालेच नाई सांगितलं. तिले बी नाई. पन मी इतक्या दूर, आता लक्ष कोन ठेवन?"

जागा सांगितली त्याने. इथे लिहीत नाही.