क्लायंट तयार, सर्व्हर उद्या

२८ सप्टेंबर २००८
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी. वसंतराव सरांच्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवतो. आज स्टाफसमोर शब्द दिला: दसऱ्याच्या कार्यक्रमात मेरिट टेस्टचा निकाल माझ्या सॉफ्टवेअरवर लागेल. मार्क ऑफिसातल्या सर्व्हरवर, पडदा हॉलमध्ये, मधे माझा क्लायंट, म्हणजे सर्व्हरवरचे मार्क पडद्यावर आणणारा प्रोग्राम. याला एंटरप्राइज अॅप्लिकेशन म्हणतात. पहिल्या नंबराला स्पेशल बॅच फुकट. सर म्हणाले, जमंल ना? मी नुसता हसलो.

३० सप्टेंबर. घटस्थापना.
प्रोजेक्टला नाव देण्यात दिवस गेला. नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं. ‘गोदावरी’ ठरलं. स्क्रीनवरच्या पुढच्या खिडकीत ‘सर्व्हर निवडा’ असं येतं. यादी रिकामी. मशीन जुनं आहे.

२ ऑक्टोबर
सर्व्हरचं सॉफ्टवेअर आधी इन्स्टॉल करावं लागतं. माहीत होतंच मला. डाउनलोड लावला आणि लाईट गेली. लोडशेडिंगपुढे कुणाचं चालतं?

४ ऑक्टोबर
पडदा कसा दिसतो ते बघायला क्लायंटमध्येच खोटी नावं टाकली. सर्व्हर सापडला नाही तर हीच दिसतात. तात्पुरती आहेत, काढायची आहेत. पहिल्या नंबराला दुसरं नाव सुचेना, आमच्या मालविकाचं टाकलं. झकास दिसलं. पोरगी याच क्लासला आहे, टेस्टच्या दिवशी तापाने फणफणली होती. बसली असती तर पहिलीच आली असती.

७ ऑक्टोबर
सर्व्हर बसला, पण चालू होईना. हरकत नाही. उद्याचा अख्खा दिवस आहे. मी प्रेशरमध्येच खुलतो.

८ ऑक्टोबर. खंडेनवमी.
हे विसरलोच होतो. सर्व्हरचं मशीन पूजेच्या पाटावर. हळद-कुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. वायरी काढून गुंडाळलेल्या. सरांच्या पत्नी सौदामिनीताई म्हणाल्या, आज हत्याराला हात लावायचा नाही, उद्या उत्तरपूजा झाली की घ्या. वाद घातला नाही. खरं म्हणजे बरंच वाटलं. परंपरेचा मान राखलाच पाहिजे.

९ ऑक्टोबर. दसरा.
उत्तरपूजा होईपर्यंत हॉल भरला. सर म्हणाले, लावा. सर्व्हर चालू नाही हे सांगायला तोंड उघडलं आणि बटण दाबलं.
पहिली: मालविका. सरांनी तिला स्टेजवर बोलावून शाल घातली. टाळ्या संपल्या की सांगू म्हटलं. पण त्या छान चालल्या होत्या.
मालविकाने माईक मागितला. म्हणाली, मी टेस्टला बसलेच नव्हते. शाल घडी करून टेबलावर ठेवली.
मागून लोहा गावाहून आलेले भुजंगराव उठले. म्हणाले, मग आमच्या तनुजाचं काय झालं सर? पेपर लई चांगले गेले म्हणत होती. सरांनी ऑफिसने हाताने लिहून कपाटात ठेवलेला निकाल आणून पहिल्यांदाच वाचला. पहिली तनुजाच होती. शाल तिला दिली. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.
गावी निघताना भुजंगरावांनी माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं. म्हणाले, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. मरणाची लाज वाटली.

संध्याकाळी
मालविकाने विचारलं, बाबा, तुम्हाला माहीत होतं ना? मी म्हटलं, अगं, पूजेमुळे सर्व्हरच... ती म्हणाली, सर्व्हरचं नाही विचारलं.
मी रोजनिशी उघडली. उत्तर इथेही लिहिता येत नाही.