बापाची पाटी

शिवाचे आबा यांस,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं वर्षश्राद्ध परवा झालं. उद्या मिरजेच्या गड्यांशी आपल्या वडूजचा आट्यापाट्यांचा सामना आहे आणि गावाने आपल्या शिवाला तुमच्या जागी, सूर म्हणून उभं करायचं ठरवलंय. लढाईपायी रॉकेल मिळत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत तुम्हाला सुनावून घेते.

काल भाऊजी आले. म्हणाले, “वयनी, बापाची पाटी पोरानंच धरायची. गावाची रीत हाय.” पाटी म्हणजे काय वतन आहे, बापामागून पोराच्या नावावर चढायला?

तुमचा खेळ मी माळवदावरून पुष्कळ पाहिलाय. बाकीचे गडी आपापली आडवी पाटी राखायचे. मधल्या उभ्या पाटीवर वरपासून खालपर्यंत धावायचं ते सुराने. तुम्ही धावत होता कुठे? पाय कमी आणि तोंड जास्त चालायचं. कुणी बगलेतून निसटला, की पाटी वाकडी आखली म्हणून ओरडायचात. नाचता येईना अंगण वाकडं! तरी तुम्हीच सूर, कारण तुमचे वडील सूर होते.

शिवा तुमच्यावर गेला नाही, हे देवाचे उपकार. सरळ पळताना तो लवकर दमतो. पण आडवा सरकायला लागला की खेकडा. समोरच्याच्या कमरेवरून नजर काढत नाही, हुलकावणीला फसत नाही. त्याची जागा पहिल्या आडव्या पाटीवर, कपाळपाटीवर. हे तुम्हाला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. म्हणूनच चारचौघांत “बायकी चाल” म्हणून त्याला हसलात. तेव्हापासून पोर तुमच्यासारखं सरळ पळायला बघतं आणि धापा टाकतं. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

आज जेवताना त्याने हळूच विचारलं, “आये, म्या कपाळपाटीवर हुबा ऱ्हायलो, तर आबास्नी वाईट वाटंल का गं?”

“वाटू दे,” मी म्हणाले.

मग त्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.

भाऊजींना मी तसा निरोप धाडलाय. सूर कुणीही होवो, शिवा होणार नाही. आणि तुम्हाला शब्द देते, उद्या मी मैदानाच्या कडेला उभी राहीन. विधवा बाई गड्यांच्या खेळात कशाला, असं ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणावं. शिवा आडवा सरकताना त्याला कुणी हसलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे. तुम्ही तेवढे सुटलात.

शिवाची आई